मामाच्या प्रेसची डिस्क: नोंदी, मे २०२५

१३ मे, मंगळवार, रात्री ११

मामाचा फोन, कराडहून. दुपारी वळीव आला, लाईट तीन-चार वेळा डिम झाली आणि मग गेलीच, तासाभराने आली तेव्हापासून सर्व्हर चालू होतो पण विंडोजवर के ड्राइव्हला लाल फुली. लग्नसराई आहे, पंधरा-वीस पत्रिका प्रूफात अडकल्यात, मामीने मागून सांगितलं की एका पार्टीचं लग्न २५ तारखेला आहे आणि अजून पत्रिका छापायचीच आहे.

सर्व्हर म्हणजे मीच २०१९ च्या दिवाळीत जोडून दिलेला डबा. सिस्टिम १२० जीबीच्या एसएसडीवर, डेबियन १० (लिनक्स), आणि कामाच्या फाईली २ टीबीच्या एका साध्या हार्ड डिस्कवर, फाईलसिस्टिम (डिस्कवर फाईली मांडायची पद्धत) बीटीआरएफएस. स्नॅपर नावाचा प्रोग्रॅम दर तासाला स्नॅपशॉट घेतो, म्हणजे त्या क्षणी फाईली जशा होत्या ती स्थिती धरून ठेवतो, आणि सांबातून (लिनक्सवरच्या फाईली विंडोजला दाखवणारा प्रोग्रॅम) ते विंडोजला दिसतात, म्हणजे फाईलवर राईट क्लिक करून प्रीव्हियस व्हर्जन्समध्ये गेलं की दुपारी दोनची, सकाळची, कालची फाईल मिळते. ऑपरेटर ताई याला 'मागचं काढणं' म्हणतात आणि पाच वर्षं त्यांनी ते इतक्या वेळा काढलंय की मामाला वाटायला लागलं आपल्याकडे बॅकअप आहे. दुसरी डिस्क घ्या म्हणून मी दर दिवाळीला म्हणायचो, मामा दर दिवाळीला 'बघू' म्हणायचे, आणि मी पण मग फराळाकडे वळायचो.

फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या. एक, मशीन बंद करा आणि परत चालू करून बघू नका (तोवर चार वेळा करून झालं होतं). दोन, तिथल्या कॉम्प्युटरवाल्याला हात लावू देऊ नका. तो येऊन गेला होता म्हणे, फॉरमॅट मारून मग रिकव्हरी सॉफ्टवेअर लावू म्हणाला. मामा म्हणाले, "तो चांगला माणूस आहे रे." असेल की, पण नको.

१४ मे, दुपारी

पहाटेची एसटी, खंबाटकीत ट्रॅफिक, साडेअकराला प्रेसमध्ये. चहाच्या आधी डेटा डिस्कची केबल काढली आणि मगच डबा चालू केला. सिस्टिमची एसएसडी वेगळी आहे हे किती बरं झालं ते आत्ता कळलं, कारण तिच्यावरचा सगळा लॉग शाबूत आहे. कालच्या लॉगमध्ये दुपारी ३:४० ला डेटा डिस्कच्या सॅटा लिंकवर 'हार्ड रिसेटिंग लिंक', लिंक परत वर आली, कर्नल (लिनक्सचा गाभा) काही झालंच नाही असं पुढे चालू. ३:४२ नंतर लॉगच नाही, म्हणजे तेव्हा लाईट गेली. पुढे संध्याकाळी प्रत्येक वेळी माउंट करताना, म्हणजे डिस्क वापरासाठी उघडताना, एकच रड:

पॅरंट ट्रान्सिड व्हेरिफाय फेल्ड, वॉन्टेड १२४८२०९, फाउंड १२४८१६३. आणि शेवटी ओपन सीट्री फेल्ड.

हे काय ते मामाला प्रेसच्या भाषेत सांगितलं. बीटीआरएफएस कुठलंही पान जागच्या जागी खोडून लिहीत नाही, बदललेलं पान कोऱ्या जागेवर नव्याने लिहितं आणि मग वरच्या अनुक्रमणिकेत नवा पत्ता टाकतं, प्रत्येक खेपेला एक नंबर, साधारण दर ३० सेकंदांनी एक खेप. अनुक्रमणिका म्हणतीये की हे पान ८२०९ व्या खेपेला छापलंय (शेवटचे चारच आकडे बोलतो, बाकी सगळे सारखेच आहेत), आणि पान उघडलं तर त्यावर ८१६३ चा शिक्का. म्हणजे त्या जागी पूर्वी कधीतरी असलेलं जुनं पान तसंच पडून आहे, नवं पान कागदावर उतरलंच नाही.

का उतरलं नाही त्याचा माझा अंदाज असा की लाईट डिम झाली तेव्हा डब्याचा पॉवर सप्लाय कसाबसा तगला पण डिस्क क्षणभर मेली, आणि तिच्या कॅशमध्ये (लिहायच्या आधी तात्पुरतं ठेवायची मेमरी) जे लिहायचं बाकी होतं ते गेलं. कर्नलला वाटलं लिहून झालंय. मेटाडेटाच्या (म्हणजे या अनुक्रमणिका वगैरे, फाईलींचा मजकूर नव्हे) तर दोन दोन प्रती असतात, एका डिस्कवर फाईलसिस्टिम बनवली की डिफॉल्टच तसं आहे, पण दोन्ही प्रती एकाच डिस्कच्या एकाच कॅशमध्ये असतील तर दोन्ही एकदमच जाणार. यूपीएस आहे हो. बॅटरी मेलेली, हिरवा दिवा मात्र लागतो. दिवा लागतो म्हणून कुणी बघितलं नाही, मी पण नाही.

१४ मे, रात्री

डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली, माउंट न करता नुसतं स्मार्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) वाचलं. १९७ नंबरचा ॲट्रिब्यूट, करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचताना अडलेले तुकडे, ७२. झालं. म्हणजे दुखणी दोन, एक कालच्या लाईटचं आणि एक डिस्क म्हातारी झाल्याचं, आणि दुसरं कधीपासून आहे देव जाणे, कारण महिन्याला स्क्रब (सगळं वाचून तपासायची फेरी) लावायचा मी विसरलो होतो.

पेंडिंग सेक्टर दिसले की त्या डिस्कवर कसलेच प्रयोग करायचे नाहीत, आधी अख्खी डिस्क उतरवून घ्यायची. संध्याकाळी ४ टीबीची एक्स्टर्नल आणली. मामांनी बिल बघितलं, काही बोलले नाहीत. डीडीरेस्क्यू (बिघडत्या डिस्कची कॉपी काढायचा प्रोग्रॅम) लावलं, पहिल्या फेरीत खरवडायचं नाही, जे सहज वाचता येतंय ते आधी सगळं घ्यायचं आणि अडलेल्या जागा मॅपफाईलमध्ये नोंदवून पुढे जायचं. साडेनऊला सुरू केलं, ११० एमबीच्या आसपास स्पीड आहे. मामीने गच्चीवर गादी टाकलीये.

१५ मे, सकाळ

पहिली फेरी साडेतीनच्या सुमाराला संपली असावी, सहाला उठून बघितलं तर १.१ एमबी सोडून सगळं आलेलं. मग त्या उरलेल्या जागांवर खरवडायची फेरी, तीन वेळा रिट्राय. डिस्क टक टक करत दोन तास बसली. शेवटी न वाचता आलेलं ३६,८६४ बाइट, तीन ठिकाणी: १६ केबी, १६ केबी आणि ४ केबी. ७२ सेक्टर गुणिले ५१२, बरोब्बर तेवढंच. २ टीबीत ३६ केबी म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण कुठले ३६ केबी ते कळेपर्यंत तसं म्हणता येत नाही.

एक काम आत्ताच करून ठेवलं. डीडीरेस्क्यूमध्ये फिल मोड म्हणून प्रकार आहे, मॅपफाईल बघून इमेजमधल्या (म्हणजे डिस्कच्या उतरवलेल्या कॉपीतल्या) फक्त खराब जागा आपल्याला पाहिजे त्या मजकुराने भरायच्या. मी 'खराबजागा' असा शब्द भरला, देवनागरीत, उगाच. एरवी तिथे नुसते शून्य बसतात आणि शून्य तर चांगल्या फाईलीतही असतात, मग नंतर शोधणार कसं. आता फाईली बाहेर आल्या की ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) मारून हा शब्द ज्या फाईलीत सापडेल ती फुटकी. हे जमतंय कारण मी डिस्कवर कॉम्प्रेशन लावलं नव्हतं. आळसाचा फायदा.

मूळ डिस्क काढून, कागदात गुंडाळून मामांच्या कपाटात, गल्ल्याशेजारी. हे नुसतं जपायचं म्हणून नाही. बीटीआरएफएस डिव्हाइस ओळखतं ते यूयूआयडीवरून (त्यावरच लिहिलेला ओळख क्रमांक), मूळ डिस्क आणि तिची हुबेहूब इमेज दोन्ही एकाच वेळी मशीनला दिसल्या तर ते भलत्यालाच हात घालू शकतं.

१५ मे, संध्याकाळ

आता इमेजवर पण थेट काम करायचं नाहीये, कारण ती एकच आहे आणि अजून २ टीबीची कॉपी ठेवायला जागा नाही. म्हणून डिव्हाइस मॅपरचा स्नॅपशॉट. इमेजला रीड-ओन्ली लूप डिव्हाइस केलं (म्हणजे फाईलच डिस्क म्हणून दाखवली), २० जीबीची एक पोकळ फाईल बनवून तिचं दुसरं लूप, आणि डीएमसेटअपने दोन्हीचं मिळून एक खोटं डिव्हाइस तयार केलं. वाचायचं ते इमेजमधून येतं, लिहायचं ते सगळं त्या बाजूच्या फाईलीत जातं. काही बिघडलं की बाजूची फाईल फेकायची आणि परत पहिल्यापासून. ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर पेन्सिल चालवल्यासारखं, खालचं चित्र तसंच राहतं. (हा स्नॅपशॉट वेगळा आणि बीटीआरएफएसचे स्नॅपशॉट वेगळे, मामांना सांगताना माझाच दोनदा घोळ झाला.)

मग माउंटचे प्रयत्न. सर्व्हरचं कर्नल ४.१९, त्यात नवे रेस्क्यू पर्याय नाहीतच, ते ५.९ पासून पुढे आले, म्हणून सगळं माझ्या लॅपटॉपवर, डेबियन १२, कर्नल ६.१.

नुसतं रीड-ओन्ली: नाही. एक लक्षात ठेवायचं की बीटीआरएफएसला रीड-ओन्ली सांगितलं तरी ते अर्धवट राहिलेला लॉग पुरा करायला डिस्कवर लिहितं, तेही नको असेल तर नोलॉगरिप्ले वेगळं सांगावं लागतं.

यूजबॅकअपरूट: नाही. सुपरब्लॉकमध्ये (फाईलसिस्टिमची सगळ्यात वरची नोंद) मागच्या चार खेपांचे पत्ते ठेवलेले असतात. डम्प-सुपर करून बघितलं, ८२१३, ८२१२, ८२११, ८२१०. चारही ८२०९ च्या नंतरचे, म्हणजे चौघांच्याही अनुक्रमणिकेत तेच न छापलेलं पान. चार खेपा म्हणजे दोन मिनिटं, आणि आपली गोष्ट अडीच मिनिटांपूर्वीची. अर्ध्या मिनिटाने हुकलं.

रेस्क्यू=ऑल: झालं माउंट! हे फुटक्या एक्स्टेंट ट्रीकडे (डिस्कवरची कुठली जागा कशाने वापरलीये त्याची यादी) डोळेझाक करून पुढे जातं. मामांना हाक मारली, ते ताईंना घेऊन आले, आणि मी सगळ्यांसमोर कामाचं फोल्डर उघडलं तर इनपुट आउटपुट एरर. फुटलेलं दुसरं पान नेमकं त्या सबव्हॉल्यूमचं (फाईलसिस्टिमच्या आतला स्वतंत्र भाग, कामाचं फोल्डर असाच एक) पहिलंच पान, ज्यात वरच्या फोल्डरची यादी असते. खाली ९१० जीबी फाईली असतील, पण दार उघडत नाही. मामा नुसते "हं" म्हणून बाहेर गेले. परत कुणाला आधी हाक मारायची नाही.

१६ मे, दुपारी २

स्नॅपशॉट आहेत, ते शाबूत असणार हे डोक्यात पक्कं आहे. अनुक्रमणिका आणि पानं मिळून एक झाड असतं, आणि स्नॅपशॉट घेतला जातो त्या क्षणी त्याच्या झाडाची मुळी वेगळी होते. पुढे मूळ सबव्हॉल्यूममध्ये जे पान बदलतं ते नव्या जागी लिहिलं जातं आणि स्नॅपशॉट जुन्याच पानाकडे बोट दाखवत राहतो. म्हणजे ८२०९ ला फुटलेलं पान तीन वाजताच्या स्नॅपशॉटमध्ये असूच शकत नाही, त्याच्याकडे त्या पानाची आधीची प्रत आहे, दुसरीकडे लिहिलेली, तेव्हाच नीट उतरलेली.

पण पोचायचं कसं? स्नॅपर स्नॅपशॉट ठेवतो ते त्याच सबव्हॉल्यूमच्या आतल्या लपलेल्या फोल्डरमध्ये, आणि त्या फोल्डरचं नाव लिहिलंय नेमकं त्या फुटक्या पानावर. आयडी देऊन थेट माउंट करून बघितलं तर तेही नाही, कारण कर्नल आयडीवरून आधी पूर्ण पत्ता काढतं आणि मग वरून खाली तो पत्ता चालत येतं, आणि वाटेत तेच पान. सकाळ यातच गेली. जेवायला बसलो तेव्हाही डोकं तिथेच, मामीने पोळी वाढली ते कळलं नाही.

मग माउंटचा नाद सोडला आणि बीटीआरएफएस रिस्टोअरकडे वळलो. हे माउंट करत नाही, कर्नलला विचारतच नाही, स्वतः झाड वाचून फाईली दुसरीकडे उतरवतं आणि मूळ जागी एक अक्षर लिहीत नाही. याला रूट आयडी दिला की ते मुळांच्या झाडातून थेट त्या मुळीवर जातं, फोल्डरांचा पत्ता लागतच नाही. रूट्सची यादी मागितली तर एक ५, एक २५७, एक २५८ आणि पुढे ३३ आयडी, शेवटचा १७६४४. नुसते नंबर, तारीख नाही, नाव नाही.

तारखांसाठी एक युक्ती सुचली. स्नॅपरचं ते लपलेलं फोल्डर स्वतःच एक वेगळं सबव्हॉल्यूम असतं (२५८ तेच), आणि त्यात प्रत्येक स्नॅपशॉटमागे एक छोटी इन्फो फाईल असते. २५८ उतरवलं, दोन सेकंदांत ३३ फाईली आल्या, शेवटची उघडली तर १३ मे, ०९:३०.

साडेनऊ?! म्हणजे सकाळनंतर स्नॅपशॉटच नाही? अख्ख्या दिवसाचं काम गेलं? घाम फुटला खरंच, मग लक्षात आलं की आपला स्नॅपशॉट बरोब्बर ताशी होतो, साडेनऊ कसा असेल. यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ)! ०९:३० यूटीसी म्हणजे आपले ३:००. चहा सांगितला.

१६ मे, रात्री

१७६४४ वर रिस्टोअर, आधी ड्राय रन, नुसती नावं. पडद्यावर फोल्डरं पळायला लागली, २०१९, २०२०, लग्नपत्रिका, स्मरणिका, फ्लेक्स, पावती पुस्तकं, 'नवीन', 'नवीन फायनल', 'नवीन फायनल खरंच'. ताई मागे उभ्या होत्या, त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हे माझंच आहे."

मग खरं रिस्टोअर, मालकी आणि तारखा टिकवायचा पर्याय लावून. तो विसरलं तर सगळ्या फाईलींवर आजची तारीख पडते आणि प्रेसच्या धंद्यात फाईल शोधायची ती तारखेवरूनच, कारण आतला मजकूर जुन्या फाँटांत आहे, युनिकोड नाही, 'श्रीकृपेकरून' असं शोधून जन्मात काही सापडायचं नाही. इमेज पण त्याच ४ टीबीवर आणि उतरवायचं पण तिथेच, त्यामुळे डोकं इकडून तिकडे पळतंय, स्पीड ४० एमबीच्या आसपास. सहा तास धरू.

सगळे ३३ उतरवायचा मोह झाला होता. पण डिस्कवर स्नॅपशॉट एकमेकांची पानं वाटून घेतात म्हणून सगळे मिळून सव्वा टीबीत मावतात, बाहेर उतरवले की प्रत्येक जण आपलं पूर्ण वजन घेऊन येतो. ३३ गुणिले ९०० जीबी कुठे ठेवणार. एकच घेतला.

१७ मे, शनिवार

सकाळी मोजणी केली, ९१० जीबी, एक लाख चाळीस हजार फाईली, आणि मध्ये एका ठिकाणी चेकसम (मजकूर बिघडला नाही ना ते ताडायचा आकडा) जुळला नाही अशी ओळ येऊन काम तसंच पुढे गेलेलं. ते १६ केबीचं एक खराब ठिकाण मेटाडेटात होतं, आणि इथे दुसरी प्रत कामाला आली. परवा मी दोन प्रतींना नावं ठेवली होती ती परत घेतो.

२५ तारखेच्या लग्नाची पत्रिका आहे. पण ताई म्हणतात तीन नंतर त्यांनी मुलाकडच्या सगळ्यांची नावं दुरुस्त केली होती, आजोबांचं नाव, दोन काका, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' मधली पोरं, आणि प्रूफवाला कागद पार्टी घेऊन गेली. तीन ते ३:४२, बेचाळीस मिनिटं. एक पत्रिका परत करायला अर्धा तास लागला असता, ताईंनी सोमवारी बसून केली असती. पण आता मलाच चैन पडेना.

स्नॅपशॉट नाही, पण जुनी पानं तर असणार. हे फाईलसिस्टिम खोडत नाही ना, नवं लिहितं, मग ८२०९ च्या आधीच्या मुळ्या कुठेतरी पडलेल्याच असतील, जोवर त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर. मशीन लगेच बंद झालं आणि नंतर माउंटच होत नव्हतं म्हणून काही लिहिलंही गेलं नाही. मामांनी चार वेळा चालू-बंद केलं त्याने काही बिघडलं नाही, नशीब.

बीटीआरएफएस-फाइंड-रूट लावलं. ते पूर्ण मेटाडेटा धुंडाळून जुन्या मुळांचे पत्ते आणि खेपेचा नंबर काढून देतं. यादी आली, ८२०८ आणि ८२०७ ची मुळं होती पण वाचताना अडली, त्यांच्या वाटेवरची एखादी जागा पुढच्या खेपांनी वापरून टाकली असणार. ८२०६ चाललं! तो पत्ता रिस्टोअरला दिला, रूट २५७, म्हणजे स्नॅपशॉट नाही, खुद्द चालू फोल्डर, साधारण ३:३९ चं.

जागा कमी म्हणून फक्त या मे महिन्याचं फोल्डर उतरवायचं, त्यासाठी पाथ रेजेक्स (कुठला पत्ता हवा ते सांगायचा नमुना), आणि ते ज्याने बनवलं त्याला माझा नमस्कार. सरळ फोल्डरचं नाव देऊन चालत नाही, वरच्या प्रत्येक पायरीला कंस, त्यात आधी काहीच नाही, मग उभी रेघ, मग फोल्डरचं नाव, मग परत कंस, आणि शेवटी सगळे कंस मोजून बंद. चार वेळा काहीच न उतरवता शांतपणे 'झालं' म्हणून थांबलं. पाचव्यांदा ३८ जीबी आले.

आरसिंकने दोन्ही पिशव्या ताडून बघितल्या, फरक १४ फाईलींचा. पत्रिका त्यात आहे, कोरलची 'बॅकअप ऑफ' वाली जुळी फाईल पण आहे. ताईंनी उघडली, आजोबांचं नाव दुरुस्त, काका दोन्ही, पोरांपैकी शेवटचं एक राहिलंय. ते त्यांनी तिथल्या तिथे टाईप केलं.

जाता जाता, त्या ट्रेसिंग पेपरवर चेक रिपेअर (बीटीआरएफएसची दुरुस्तीची कमांड) पण मारून बघितलं, नुसती उत्सुकता. वीस मिनिटं चाललं, मध्येच ॲबॉर्ट झालं, त्यानंतर रेस्क्यू=ऑलनेही माउंट होईना. बाजूची फाईल डिलीट केली, नवी बनवली, सगळं परत जिथल्या तिथे. हेच कुणी मंगळवारी खऱ्या डिस्कवर केलं असतं तर आज मी इथे नोंदी लिहीत नसतो, मामांची समजूत काढत असतो.

१८ मे, रविवार

'खराबजागा' चा शोध. ९१० जीबीवर ग्रेप म्हणजे रात्रभराचं काम, सकाळी एकच नाव. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं स्कॅन, २०११ चं, पान ४६, टिफ फाईल. १६ केबी. टिफ उघडली तर पानाच्या मधोमध एक आडवा पट्टा, त्यात कचरा, आणि ते पान म्हणजे नेमकी जुन्या शिक्षकांच्या फोटोंची ओळ. तिसरं खराब ठिकाण, ४ केबीचं, कुठल्याच फाईलीत सापडलं नाही, मोकळी जागा असेल.

मामा म्हणाले, मग मागचं काढ की, ३३ आहेत ना.

हे समजावणं सगळ्यात अवघड गेलं. ही फाईल २०१९ साली डिस्कवर आली आणि त्यानंतर तिला कुणी हातच लावला नाही. हात लावला नाही म्हणून दुसरी प्रत कधी बनलीच नाही, ३३ च्या ३३ स्नॅपशॉट त्या एकाच जागेकडे बोट दाखवतात. ताईंची 'नवीन फायनल खरंच' वाली पत्रिका रोज बदलते, तिच्या दहा आवृत्त्या दहा ठिकाणी आहेत, तिला मरण नाही. आणि जे जपून ठेवायचं म्हणून बाजूला ठेवलं, ज्याला सहा वर्षांत कुणी उघडलंही नाही, त्याची प्रत एक. तरीही मामांसाठी जुना एक स्नॅपशॉट उघडून, जानेवारीचा, त्यातलं पान ४६ काढून दाखवलं. तोच पट्टा, तिथेच.

मामा बराच वेळ पट्ट्याकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे वर्षभर मी एकच फाईल ३३ वेळा बघत होतो." आणि स्वतःच, "दुसरी डिस्क किती टीबीची घ्यायची?"

२० मे

नव्या दोन ४ टीबीच्या डिस्क, एक सर्व्हरमध्ये आणि एक मामांच्या घरी, बाहेरची. सर्व्हरवर डेबियन १२. फाईलसिस्टिम बीटीआरएफएसच, ऑफिसातल्या एकाने फोनवर विचारलं की परत तेच? हो, तेच, कारण डिस्क लिहिलं म्हणून खोटं बोलली तर कुठलीही फाईलसिस्टिम फसते, हिने निदान आकडा सांगून सांगितलं की कुठलं पान खोटं आहे. डिस्कचा राईट कॅश एचडीपार्मने बंद केला, लिहायचा वेग थोडा पडला, ताईंना विचारलं तर त्यांना फरक कळला नाही. महिन्याला स्क्रब, विसरू नये म्हणून टायमरमध्येच. यूपीएसला नवी बॅटरी, १२ व्होल्ट ७ एएच, आणि मामांना शिकवलं की महिन्यातून एकदा भिंतीवरचं बटण बंद करून बघायचं, दिव्यावर जायचं नाही.

घरच्या डिस्कवर बीटीआरएफएस सेंडने पाठवायचं, पहिली खेप पूर्ण, पुढे फक्त आधीच्या स्नॅपशॉटपासूनचा फरक. मामा शनिवारी डिस्क डब्यासारखी घेऊन येणार, लावणार, एक बटण दाबणार, घेऊन जाणार. बटण म्हणजे डेस्कटॉपवरची एक स्क्रिप्ट, नाव 'शनिवार'.

८ जून

पुण्याहून परत आलो, सेंडचे तीन शनिवार झालेत का बघायला. दोन झालेत, मधला राहिला, 'लग्नाला गेलो होतो.' घरच्या डिस्कवरून दहा फाईली कुठल्याही उचलून उघडल्या, दहाही उघडल्या. २५ चं लग्न झालं, पत्रिकेत शेवटच्या पोराचं नाव आहे, मामीने एक पत्रिका फ्रिजवर लावलीये.

पान ४६ साठी माळ्यावर चढलो. २०११ च्या स्मरणिकेच्या छापील प्रती गठ्ठ्याने होत्या, उंदरांनी वरच्या दोन खाल्ल्यात, तिसरी बरी निघाली. मूळ स्कॅन फोटोंवरून केलेलं होतं, आता छापलेल्यावरून करावं लागलं, म्हणजे झूम केलं की ठिपके दिसतात. ६०० डीपीआयने घेतलं. ताईंनी जुन्या फाईलीतला वरचा आणि खालचा चांगला भाग तसाच ठेवून मधला पट्टा तेवढा नव्यातून बसवला, आणि आता नीट बघितलं तर शिक्षकांच्या ओळीत फोटो कपाळापर्यंत गुळगुळीत आणि तिथून खाली ठिपक्यांचे आहेत. मामा म्हणाले राहू दे.